वाय-फायवरचा तानपुरा

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. त्या दिवशी पुष्कळदा पाणी नसते आणि अनेक भागांत सकाळपासून वीजही नसते. माझी मावशी कर्वेनगरला राहते आणि गेली काही वर्षे घरूनच शास्त्रीय गायन शिकवते. तिचे निम्मे विद्यार्थी समोर सतरंजीवर बसतात आणि निम्मे लॅपटॉपच्या पडद्यावर असतात. पडद्यावरच्या विद्यार्थ्यांना तिचा आवाज तुटक ऐकू येतो ही तक्रार बरेच दिवस चालू होती. तिने इंटरनेटची योजना ५० एमबीपीएसवरून २०० एमबीपीएसवर नेली, तरी काही फरक पडला नाही. मग एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता, संपूर्ण सोसायटीत वीज नसताना आणि घर इन्व्हर्टरवर चालत असताना, मेलबर्नच्या विद्यार्थिनीचा तासभराचा वर्ग एकदाही न अडखळता पार पडला. दुपारी मावशीचा फोन आला. "लाइट नसताना नेट चांगलं चालतं, हे कसं गं? तानपुरा एकदाही तुटला नाही."

मी सोळा वर्षे नेटवर्किंगच्या क्षेत्रात आहे, पण या प्रश्नाचे इतके नेमके निदान मला कोणत्याही यंत्राने करून दिले नव्हते. तिची फायबरची जोडणी त्या दिवशी जशी होती तशीच होती. राउटर तोच, लॅपटॉप तोच, खोलीही तीच. बदलली होती ती फक्त एक गोष्ट: आजूबाजूच्या घरांतले राउटर बंद होते. म्हणजे दोष बाहेरून येणाऱ्या तारेत नसून हवेत होता. पुढच्या दोन रविवारी मी तिच्याकडे जाऊन जे पाहिले, मोजले आणि बदलले, त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण वाय-फायवर आवाज आणि चित्र नीट का जात नाही याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक सगळे वेगाविषयी असते आणि त्यामुळे उपायही चुकीच्या जागी केले जातात.

आधी आवाजाची गरज किती, ते पाहू. दूरध्वनीच्या जुन्या आणि साध्या पद्धतीने आवाजाचे आकड्यांत रूपांतर केले, तर त्याला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. हा प्रवाह साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे निघतात आणि प्रत्येकात १६० बाइट आवाज असतो. आजची व्हिडिओ कॉलची ॲप्स अधिक चतुर संकेतन वापरतात, पण २० मिलिसेकंदांचा तुकडा हे माप बहुधा तेच असते. ५० एमबीपीएसच्या योजनेतसुद्धा हा प्रवाह एका कोपऱ्यात मावतो. त्यामुळे आवाजाला जागा कमी पडते असे कधी होतच नाही. त्याला लागते ती वेळेची शिस्त. बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांत पोहोचावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जुनी शिफारस आहे. त्यापलीकडे गेले की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. पुणे ते मेलबर्न हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे दहा हजार किलोमीटर भरते आणि काचेच्या तंतूतून प्रकाश हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद घेतो, म्हणजे ५० मिलिसेकंद तर निसर्गाच्याच खात्यात जातात. समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात आणखी जातात. उरलेल्या वेळात दोन्हीकडची घरे, त्यांतले राउटर आणि ॲपचे स्वतःचे काम उरकायचे असते.

केवळ विलंब असता तरी निभावले असते. खरा त्रास असतो विलंबातल्या चढउताराचा. एक तुकडा दहा मिलिसेकंदांत आला, पुढचा ऐंशीत आला, तिसरा पुन्हा दहात आला, की ऐकणाऱ्याच्या बाजूचे ॲप थोडे तुकडे साठवून ही असमानता झाकू पाहते. परंतु त्या साठ्याहून उशिरा आलेला तुकडा कितीही शाबूत असला तरी निरुपयोगी ठरतो, कारण त्याची वाजवण्याची वेळ टळून गेलेली असते. बोलण्यात अशी एखादी फट पडली तर मेंदू ती भरून काढतो. तानपुऱ्यात तसे होत नाही. तानपुरा हा अखंड नाद आहे. त्यात २० मिलिसेकंदांचे भोक पडले तरी गाणाऱ्याच्या कानाला लगेच खटकते आणि तिथून षड्ज हलल्यासारखा वाटतो. वाय-फायची परीक्षा घेण्यासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही.

इथे मल्टिमीडिया या एकाच शब्दाखाली मोडणाऱ्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आधीच ध्वनिमुद्रित केलेली मैफल किंवा चित्रपट आपण पाहतो, तेव्हा ॲप पुढचा काही वेळाचा भाग आधीच उतरवून ठेवते. मध्ये दोन सेकंद हवा अडली तरी प्रेक्षकाला कळत नाही. तिथे सरासरी वेग पुरेसा असला की काम भागते आणि म्हणूनच "सिनेमा तर छान चालतो, मग कॉलच का तुटतो?" हा प्रश्न सगळ्यांना पडतो. कॉलमध्ये पुढचा भाग अजून गायलाच गेलेला नसतो, तर तो साठवणार कुठून? वेगचाचणीचे संकेतस्थळ जो आकडा दाखवते तो पहिल्या प्रकाराचा आहे. मावशीला हवा होता दुसरा.

आता हवेकडे वळू. वाय-फायचे मूळ मानक ८०२.११ हे १९९७ सालचे. त्यात सर्वाधिक वेग होता २ एमबीपीएस. वेग पुढे शेकडो पटींनी वाढला, पण हवा वाटून घेण्याची मूळ रीत बरीचशी तीच राहिली. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे. ज्याला बोलायचे आहे त्याने आधी ऐकायचे. हवा शांत वाटली की ठराविक काळ थांबायचे, मग ० ते १५ मधला एक आकडा यादृच्छिकपणे निवडून वेळेचे तितके छोटे टप्पे मोजत उलटे यायचे आणि शून्यावर पोहोचल्यावरच पॅकेट पाठवायचे. समोरून पोच आली नाही तर टक्कर झाली असे समजून पुढच्या खेपेस ० ते ३१ मधून, मग ० ते ६३ मधून निवडायचे. ही मर्यादा १०२३ पर्यंत दुपटीने वाढत जाते. ही पद्धत सरळ आहे, कोणी मुकादम लागत नाही आणि म्हणूनच ती जगभर पसरली. मात्र या पद्धतीला कोणाची घाई कळत नाही. षड्जाचा तुकडा आणि फोनच्या अद्ययावतीकरणाची फाइल तिच्या लेखी सारखीच.

या रीतीची किंमत किती, ते एकदा आकड्यांत मांडून पाहण्यासारखे आहे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरपट्टीवर जुन्या ५४ एमबीपीएसच्या वेगाने आवाजाचे एक पॅकेट सगळ्या शीर्षकांसह, म्हणजे पत्ता वगैरे माहितीसह, पाठवायला साधारण ३५ मायक्रोसेकंद लागतात. पण त्याआधी ३४ मायक्रोसेकंदांची सक्तीची शांतता, सरासरी ६७ मायक्रोसेकंदांची ती उलटी मोजणी, २० मायक्रोसेकंदांची नांदी आणि शेवटी पोच येण्यासाठी आणखी ४४. म्हणजे ३५ मायक्रोसेकंदांच्या आवाजासाठी सुमारे १६५ मायक्रोसेकंदांचा उपचार. मोठ्या फाइलीची अनेक पॅकेटे एकत्र गुंफून एकाच उपचारात पाठवण्याची सोय ८०२.११एनने २००९ साली आणली आणि फाइलींचा वेग त्यामुळे खूप वाढला. आवाजाला तिचा फारसा फायदा नाही, कारण दर २० मिलिसेकंदांना एकच तुकडा तयार होतो आणि गुंफण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहिली तर उशीर होतो. वाय-फायवर खऱ्या अर्थाने दुर्मिळ असलेली गोष्ट म्हणजे हवेतला वेळ, हे या हिशेबातून दिसते. मेगाबिट हे त्या वेळात काय उरकले याचे माप आहे.

पहिल्या रविवारी मी मावशीच्या दिवाणखान्यात बसून २.४ गिगाहर्ट्झची पट्टी तपासली. सव्वीस नेटवर्क दिसत होती. आपल्याकडे या पट्टीत १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण त्यांच्या मध्यबिंदूंत फक्त ५ मेगाहर्ट्झचे अंतर आहे आणि प्रत्येकाला २० ते २२ मेगाहर्ट्झ रुंदी लागते, म्हणून एकमेकांवर न चढणारी अशी १, ६ आणि ११ ही तीनच उरतात. मावशीचा राउटर चॅनेल ६ वर होता आणि त्याच चॅनेलवर आणखी आठ राउटर होते. हे आठ जण काहीही उतरवत नसले, तरी गप्प नसतात. प्रत्येक राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांना आपल्या अस्तित्वाची द्वाही फिरवतो आणि जुन्या उपकरणांनाही ती समजावी म्हणून बऱ्याच घरांत ती १ एमबीपीएस या सर्वांत मंद वेगाने फिरवली जाते. ३०० बाइटची अशी एक द्वाही अडीच मिलिसेकंदांहून अधिक हवा खाते. सेकंदाला सुमारे दहा, आणि राउटर आठ: एकूण हवेचा पाचवा हिस्सा निव्वळ "मी इथे आहे" हे सांगण्यात जातो. पाहुण्यांसाठी वेगळे नाव असलेले दुसरे नेटवर्क कोणी चालू ठेवले असेल तर त्याची द्वाही वेगळी. त्यात दोन महाभागांनी गर्दी टाळायची म्हणून ४ आणि ८ हे चॅनेल निवडले होते. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा होतो: चॅनेल तेच असेल तर शेजारचा राउटर आपले बोलणे ऐकून थांबतो, अर्धवट चढलेल्या चॅनेलवरून मात्र त्याला ते नीट कळत नाही आणि त्याचे प्रक्षेपण आपल्यासाठी गोंगाट ठरते.

गुरुवारी हे सगळे थांबले होते.

त्याच पट्टीत आणखी एक प्रकार लक्षात आला. काकांचा एक जुना टॅब्लेट आहे. ते तो मागच्या बाल्कनीत, दोन भिंती ओलांडून, क्रिकेटचे सामने पाहायला वापरतात. तिथे सिग्नल इतका क्षीण असतो की टॅब्लेट एक-दोन एमबीपीएसवर उतरतो. वाय-फायची पाळी पॅकेटागणिक मिळते, वेळेगणिक नाही. दीड हजार बाइटच्या पॅकेटाला ५४ एमबीपीएसवर पाव मिलिसेकंदही लागत नाही, तेच १ एमबीपीएसवर १२ मिलिसेकंद घेते. दोघांना आलटून पालटून एकेक पाळी दिली, तर मंद उपकरण जवळपास सगळी हवा व्यापते आणि वेगवान उपकरण त्याच्याच पातळीवर येऊन बसते. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ साली हा दोष नीट मांडून दाखवला. त्यावरचा योग्य उपाय, म्हणजे पाळ्यांऐवजी हवेतला वेळ समान वाटणे, लिनक्स या संगणकप्रणालीच्या वाय-फाय भागात २०१६-१७ च्या सुमारास आला. मावशीकडच्या राउटरमध्ये तो नव्हता.

पहिला उपाय म्हणून मी नेटवर्कची तार सुचवली. ज्याला वर्ग घ्यायचे आहेत त्याने शक्य असेल तर लॅपटॉपला तार जोडावी, या सल्ल्यावर मी आजही ठाम आहे. तारेत ही स्पर्धाच नसते. पण दिवाणखान्यात विद्यार्थ्यांची ये-जा असते आणि मावशी कधी खिडकीशी बसते तर कधी पेटीशेजारी, त्यामुळे जमिनीवरून तार नको, असे तिने स्पष्ट सांगितले. मग राउटर दारामागच्या चपलांच्या कपाटातून काढून दिवाणखान्याच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर लावला आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला. भारतात २०१८ साली या पट्टीतला मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला झाला, त्यामुळे चॅनेल निवडायला भरपूर वाव आहे. या लहरी भिंतीतून कमी जातात. एरवी हा दोष म्हणून सांगितला जातो, पण दाट वस्तीत तोच गुण ठरतो, कारण शेजाऱ्यांच्या लहरीही आपल्यापर्यंत कमी येतात. चॅनेलची रुंदी मी मुद्दाम ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर आणली. वेगचाचणीचा आकडा घटला, पण रुंद चॅनेलवर जितके शेजारी पाळीत येतात तितके आता येत नाहीत. काकांचा टॅब्लेट २.४ वरच राहू दिला. त्यांचे सामने चालतात आणि मावशीच्या हवेत त्यांची आता अडचण होत नाही.

सकाळचे वर्ग सुधारले. संध्याकाळी आठच्या सुमारास मात्र तानपुरा अजूनही तुटत होता.

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझा मावसभाऊ आठ वाजता कामावरून घरी येतो आणि तो दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याचा फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर पाठवू, म्हणजे अपलोड करू लागतो. दुसऱ्या रविवारी मी त्याला मुद्दाम तसे करायला सांगितले आणि बाजूला पिंग, म्हणजे पाठवलेल्या छोट्या पॅकेटाचे उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी, लावून बसले. एरवी सात-आठ मिलिसेकंदांत येणारे उत्तर काही सेकंदांत चारशेच्या वर गेले. त्या जोडणीत वर पाठवण्याची वाट साधारण २० एमबीपीएसची आहे. राउटरमध्ये पॅकेटे साठवायला १ मेगाबाइटचा बफर असेल आणि फोनने तो भरून टाकला, तर रांगेत शेवटी येणाऱ्या तुकड्याला पुढचे ८० लाख बिट रवाना होईपर्यंत, म्हणजे ४०० मिलिसेकंद, थांबावे लागते. मावशीच्या आवाजाचे प्रत्येक पॅकेट या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहत होते. एकही पॅकेट हरवत नव्हते, आणि म्हणूनच कोणत्याही तपासणीत दोष दिसत नव्हता. राउटर बनवणाऱ्याने पॅकेट टाकून देणे म्हणजे अपयश असे मानून बफर मोठा ठेवला होता, आणि पाठवणारा संगणक तर पॅकेट गळाले की मगच वेग कमी करतो. गळतीच होत नाही म्हणून वेग कमी होत नाही, आणि वेग कमी होत नाही म्हणून रांग हटत नाही. २०१० साली संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी आपल्या घरच्या जोडणीवर हा दोष पाहिला आणि त्याला बफरब्लोट, म्हणजे फुगलेला बफर, हे नाव दिले.

उपाय दोन वर्षांत आला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्कतज्ज्ञांनी २०१२ साली कोडेल ही पद्धत मांडली. ती रांग किती लांब आहे हे पाहत नाही. पॅकेटाने रांगेत किती वेळ काढला हे पाहते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकाही पॅकेटाची वाट ५ मिलिसेकंदांच्या खाली आली नाही, तर ती पॅकेटे टाकू लागते, म्हणजे पाठवणाऱ्याला वेळेवर इशारा मिळतो. तिच्यापुढचे पाऊल म्हणजे एफक्यू-कोडेल. त्यात प्रत्येक प्रवाहाची वेगळी छोटी रांग असते, सगळ्या रांगांना आळीपाळीने संधी मिळते आणि ज्या प्रवाहाची रांग साठलेलीच नाही त्याचे नवे पॅकेट आले तर ते आधी जाते. आवाज हा नेमका असा विरळ प्रवाह आहे. त्याच्यावर "हा आवाज आहे" अशी चिठ्ठी कोणी लावली नसली तरी तो आपोआप पुढे निघतो. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, कारण तिच्यात कोणाला तातडीचे ठरवायचे हा वादच उरत नाही. जो थोडे मागतो त्याला लगेच मिळते.

ती चिठ्ठी लावण्याची पद्धत आधीपासून होती आणि तिच्यावर माझ्या व्यवसायातल्या लोकांनी फार विश्वास टाकला होता, म्हणून तिच्याविषयीही लिहायला हवे. वाय-फायच्या मानकातली ८०२.११ई ही सुधारणा २००५ साली संमत झाली. तिचा एक भाग वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघाने त्याच्या आदल्या वर्षीच डब्ल्यूएमएम या नावाने बाजारात आणला होता. त्यात रहदारीचे चार वर्ग केले आहेत: आवाज, चित्र, सर्वसाधारण आणि मागे पडले तरी चालणारे. हवा शांत झाल्यावर आवाजाच्या वर्गाने ३४ मायक्रोसेकंद थांबायचे, मागे पडले तरी चालणाऱ्या वर्गाने ७९. आवाजाने ० ते ३ मधून आकडा निवडायचा, सर्वसाधारण वर्गाने ० ते १५ मधून. म्हणजे शक्यतांचे पारडे आवाजाच्या बाजूला झुकवले आहे. चित्राच्या वर्गाला एकदा पाळी मिळाली की सुमारे तीन मिलिसेकंद हवा हातात ठेवता येते, आवाजाला दीड. कागदावर हे उत्तम आहे, आणि कार्यालयांत, जिथे सगळी उपकरणे एकाच्या देखरेखीखाली असतात, तिथे ते मी स्वतः यशस्वी होताना पाहिले आहे.

घरी ते अडते ते चिठ्ठीपाशी. इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटाच्या शीर्षकात प्राधान्याचा सहा बिटांचा आकडा असतो आणि आवाजासाठी ४६ हा आकडा ठरलेला आहे. वाय-फायला मात्र ० ते ७ असे आठच आकडे कळतात. बहुतेक उपकरणे सहा बिटांतले पहिले तीन उचलतात. ४६ हा द्विमान पद्धतीत १०१११० असा लिहितात. पहिले तीन बिट १०१, म्हणजे ५, आणि ५ हा वाय-फायच्या लेखी चित्राचा वर्ग आहे. अशा रीतीने आवाज वर्षानुवर्षे चित्राच्या रांगेत उभा राहिला आणि ही तफावत दुरुस्त करणारी शिफारस आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केली. त्याशिवाय इंटरनेटवरून घराकडे येणाऱ्या पॅकेटांवरची चिठ्ठी वाटेत अनेकदा पुसली जाते. विद्यार्थिनीचा आवाज मावशीच्या राउटरपर्यंत पोहोचतो तेव्हा तो इतर कोणत्याही पॅकेटासारखाच दिसतो आणि राउटर त्याला सर्वसाधारण वर्गातून पाठवतो. हा दोष डब्ल्यूएमएमचा नाही. पण डब्ल्यूएमएम चालू केले म्हणजे कॉल सुधारले असे जे समजले जाते, ते त्यामुळे खरे ठरत नाही. उलट, डब्ल्यूएमएम बंद करा असा सल्लाही कुठे कुठे दिला जातो. तो तर मुळीच ऐकू नये, कारण ८०२.११एन आणि त्यानंतरचे सगळे जलद वेग त्यावर अवलंबून आहेत आणि ते बंद केल्यास नेटवर्क ५४ एमबीपीएसवर घसरते.

आवाजाच्या वर्गाची आणखी एक मर्यादा आहे. ० ते ३ मधून आकडा निवडायचा म्हणजे पर्याय चारच. एका घरात एक-दोन कॉल चालू असतील तर ठीक. पण तीस माणसांच्या कार्यालयात सगळे एकाच वेळी कॉलवर असतील तर आवाजाची पॅकेटे एकमेकांवरच आदळू लागतात. अशा वेळी नवा कॉल घ्यायचा की नाही हे विचारून ठरवण्याची व्यवस्था मानकात आहे, मात्र ती वापरात असलेली मी क्वचितच पाहिली. मोठ्या जागेत मी अधिक राउटर, प्रत्येकाची कमी ताकद आणि वेगवेगळे चॅनेल यांवर भर देते.

मावशीकडे शेवटी केले ते असे. कंपनीने दिलेल्या यंत्रामागे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली चालणारा एक राउटर बसवला, त्यात एफक्यू-कोडेल चालू केले आणि दोन्ही दिशांची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवली. दहा टक्के सोडण्याचे कारण असे, की रांग आपल्या राउटरात तयार व्हायला हवी. ती कंपनीच्या यंत्रात तयार झाली तर आपली पद्धत तिला हात लावू शकत नाही. काकांना हे पटवणे कठीण गेले. "अगं, पैसे भरलेत त्यातला वेग स्वतःहून कमी का करायचा?" असे ते दोनदा म्हणाले. मग मावसभावाचा फोन चालू करून पिंगचे आकडे त्यांच्यासमोर धरले. चारशेच्या जागी बारा-पंधरा दिसू लागले आणि फोटो वर जायला लागणाऱ्या वेळात जाणवेल असा फरक पडला नाही.

चित्राच्या बाबतीत एक गोष्ट गेल्या गणेशोत्सवात माझ्याच सोसायटीत शिकायला मिळाली, ती थोडक्यात नोंदवते. ज्येष्ठांना घरबसल्या मांडवातली आरती दिसावी म्हणून आम्ही सोसायटीच्या वाय-फायवरून बारा टीव्हींना एकच प्रवाह एकाच वेळी सर्वांसाठी प्रक्षेपित केला. हिशेब असा की, बारा वेळा पाठवण्यापेक्षा एकदाच पाठवलेले बरे. वाय-फायवर हा हिशेब उलटतो. सर्वांसाठी म्हणून पाठवलेल्या पॅकेटाची पोच कोणीच देत नाही, त्यामुळे हरवलेले पुन्हा पाठवले जात नाही, आणि सर्वांत दूरच्यालाही कळावे म्हणून ते सर्वांत मंद वेगाने जाते. ५ गिगाहर्ट्झवर तो वेग बहुधा ६ एमबीपीएस असतो. ४ एमबीपीएसच्या चित्राने दोन तृतीयांश हवा व्यापली. त्यात संपूर्ण दृश्य असलेली मुख्य चौकट हरवली की तिच्यावर बेतलेल्या पुढच्या सगळ्या चौकटी बिघडतात आणि समईची ज्योत सेकंदभर हिरव्या ठोकळ्यांत विरते. राउटरमध्ये प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र प्रत पाठवण्याची सोय होती, ती चालू केली. बारा प्रती वेगाने गेल्या, प्रत्येकीची पोच आली आणि दुसऱ्या दिवशीची आरती सगळ्यांना स्वच्छ दिसली.

नवा राउटर घेतल्याने हे सुटेल का, असे मला बरेच जण विचारतात. २०२१ साली संमत झालेल्या ८०२.११एएक्समध्ये, म्हणजे वाय-फाय ६ मध्ये, एकाच पाळीत चॅनेलचे लहान तुकडे करून ते अनेक उपकरणांना एकदम देता येतात आणि छोट्या पॅकेटांचा तो १६५ मायक्रोसेकंदांचा उपचार वाटला जातो. आवाजासाठी हे मूलतः योग्य पाऊल आहे. पण त्यासाठी समोरची उपकरणेही तशीच हवीत, आणि शेजारच्या सव्वीस राउटरांना तुमच्या घरातली नवी रीत लागू होत नाही. राउटर जरूर घ्या. तो भिंतीवर कुठे लावता आणि त्यात रांगेची व्यवस्था आहे का, हे मात्र आधी पाहा.

मावशीचा वर्ग आता संध्याकाळीही नीट चालतो. एक गोष्ट शेवटी तिच्याच कानाने पकडली: आवाज तुटत नव्हता, पण अधूनमधून तानपुरा हळूहळू मंद होत नाहीसा व्हायचा आणि ती बोलू लागली की परत यायचा. हे वाय-फायचे काम नव्हते. कॉलचे ॲप सतत चालणारा एकसारखा नाद म्हणजे पंख्याची घरघर असे समजून तो पुसत होते. संगीतासाठीची मूळ ध्वनीची निवड चालू केल्यावर तो स्थिर झाला. मेलबर्नच्या विद्यार्थिनीकडून इकडे येणारा आवाज मात्र अजून कधी कधी अडखळतो. तिच्या घरातली रांग मला इथून दिसत नाही, म्हणून तिच्या घरात कोणीतरी काही वर पाठवत असताना आणि नसताना असे दोन्ही वेळचे पिंगचे आकडे काढून ठेवायला तिला सांगितले आहे. रविवारी ते पाहायचे आहेत.